बगळ्याची चाल

पावसाळ्यात भाताच्या खाचराशी उभे राहिलात तर बगळ्याची चाल जरूर बघा. एक पाय वर येतो, बोटं मिटतात, पाय क्षणभर हवेत तसाच राहतो आणि मग इतक्या अलगद पाण्यात शिरतो की तरंग म्हणून उठत नाही. मी बांधावर बसून पाऊण पाऊण तास हे पाहिलं आहे आणि दर वेळी मला नेवासं आठवलं आहे.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानदेव गीता मराठीत सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं मोजणारा एक श्लोक येतो. त्यात ‘अहिंसा’ हा एकच शब्द आहे. मूळ श्लोक त्या शब्दापाशी थांबत नाही, लगेच पुढच्या लक्षणाकडे वळतो. ज्ञानदेव थांबतात, आणि थांबतात ते शंभरभर ओव्या!

आधी ते इतरांची अहिंसा तपासून बघतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारणारे. एका जिवाचं दुखणं बरं करायला झाडांची साल सोलणारे, मुळं उपटणारे. पाणी गाळता गाळता जीव घालवणारे. आणि हिंसेच्या धास्तीने दाणासुद्धा न शिजवता स्वतःचेच प्राण कासावीस करणारे. तीही हिंसाच, असं ज्ञानदेव स्वच्छ सांगतात. मग अहिंसक माणूस ओळखायचा कसा? तर त्याच्या चालण्यावरून. पाण्याची लहर न मोडता पाऊल टाकणारा बगळा. केसर चुरगळेल या शंकेने कमळावर हलकेच पाय ठेवणारा भुंगा. पिलाला तोंडात धरून नेणारी आई: दात तेच, पण पिलाला लागतात ते केवढ्या मायेने! अशी पावलं टाकणारा माणूस करुणेत पाय लपवून चालतो. पुढे त्याचं बोलणं येतं, नजर येते, हात येतात. ते हात उचललेच तर जोडण्यासाठी किंवा अभय देण्यासाठी.

आता हे सगळं कुठल्या ग्रंथावरच्या टीकेत आहे, ते आठवा. दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत, शंख वाजले आहेत, एका योद्ध्याने धनुष्य खाली टाकलं आहे आणि त्याने ते पुन्हा उचलावं म्हणून सातशे श्लोकांचा संवाद चालला आहे. त्याच संवादात अहिंसेचं नाव चार अध्यायांत येतं: दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या. धर्म शांततेच्या बाजूने की हिंसेच्या, असं कुणी विचारलं की मला हा ग्रंथ पुढे करावासा वाटतो. उत्तर त्यात बांधून ठेवलेलं नाही. प्रत्येक वाचणाऱ्याला ते नव्याने काढावं लागलं आहे, आणि या कामात मराठी मुलखाइतका जीव फार थोड्यांनी ओतला असेल.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ साली छापून आलं. त्यांचा प्रश्न साधा आणि बिनतोड होता. गीता संन्यास शिकवते म्हणता, मग ती ऐकून अर्जुन वनात का गेला नाही? ग्रंथाचा आरंभ बघा, शेवट बघा; तो लढायला उभा राहिला. जानेवारी १९२०मध्ये ‘यंग इंडिया’त टिळक आणि गांधी यांचा राजकारणात कसं वागावं यावर जाहीर वाद झाला. क्रोधाला अक्रोधाने जिंकावं हे बुद्धाचं वचन, आणि जो जसा येईल त्याला तसं भेटावं हे कृष्णाचं. टिळकांनी आपली पसंती कृष्णाच्या वचनाला आहे, हे आडपडदा न ठेवता लिहून टाकलं.

गांधीजींनी त्याच गीतेचं गुजराती भाषांतर केलं, ‘अनासक्तियोग’. ते प्रसिद्ध झालं १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रेला निघायच्या दिवशी. त्यांच्या मते कुरुक्षेत्र माणसाच्या काळजात आहे. पण मला भावतो तो त्यांचा कबुलीजबाब: गीता अहिंसा सिद्ध करायला लिहिलेली नाही, हे ते मान्य करतात. ती शिकवण चाळीस वर्षं जगण्यात उतरवू पाहिल्यावर मात्र अहिंसेवाचून फळाचा त्याग पुरा होत नाही, असं त्यांना दिसलं. शब्दांच्या अर्थाचा खल इथे संपतो. चाळीस वर्षांचं जगणंच त्यांनी टीका म्हणून पुढे ठेवलं आहे.

आणि मग धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलत, साने गुरुजी लिहून घेत, समोर सत्याग्रही कैदी बसलेले. लढायला नकार देणारा अर्जुन हा अहिंसेचाच माणूस, असं या श्रोत्यांना सांगणं किती सोपं होतं! विनोबांनी उलटं सांगितलं. शेकडो आरोपींना फाशी सुनावणारा एक न्यायाधीश. एक दिवस पिंजऱ्यात त्याचा स्वतःचा मुलगा उभा राहतो आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचा युक्तिवाद हा असा. आजवर त्याने कितीतरी माणसं मारली होती. आता समोर आपली होती, एवढंच. या मुद्द्यावर सगळ्या टीकाकारांत मला विनोबा जास्त निर्भय वाटतात. हाच माणूस १९४० साली युद्धाविरुद्धचा पहिला वैयक्तिक सत्याग्रही झाला आणि १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी त्याच्यापुढे बंदुका खाली ठेवल्या.

न्यायालयाचाच दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही घेतला, पण थेट कृष्णावर रोखून. आत्मा मरत नाही, तेव्हा मारण्याचा शोक कशाला, हा बचाव कृष्णाने वकील म्हणून खुनाच्या खटल्यात मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. हा लेख त्यांच्या मागे छापला गेला. गीतेवर प्रेम करणाऱ्यांनी तो चुकवू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण तो प्रश्न पुस्तकातला नाही. गांधीजींचा मारेकरी १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फासावर गेला, तेव्हा त्याच्याही हातात गीता होती.

हे सगळं मनात घेऊन मी पुन्हा तेराव्या अध्यायाकडे जातो तेव्हा आधी निसटलेली एक गोष्ट दिसते. बगळा पाण्यात कशाला उतरला आहे, हे ज्ञानदेवांनी झाकलेलं नाही. त्या ओवीत त्याची नजर आमिषावर आहे. म्हणजे अहिंसकाची चाल दाखवायला त्यांनी निवडला तो शिकारी! माशासाठी जेवढं सावध व्हायचं, तेवढंच पायाखालच्या परमाणूंत गुंतलेल्या बारीक जिवांसाठी. पाय तसाच उचलायचा, बोटं तशीच मिटायची, पाण्यावर तितकाच वेळ थांबायचं, आणि खाली जीव दिसला की पाऊल दुसरीकडे टाकायचं.