एकाच घरात तिघांचा तोल का जातो?

काही घरांबद्दल वाडीत दबक्या आवाजात बोलले जाते. आजोबा शेवटची वर्षे भिंत धरून चालायचे. त्यांचा मुलगा चाळिशीच्या आतच होडीतून उतरताना पडू लागला. आता नातवाची जीभ जड झाली आहे आणि अक्षर बिघडले आहे. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही लोक दारुडा ठरवतात. कुणी देवचाराचे नाव घेतो, कुणी करणीचे. गाऱ्हाणी होतात, नारळ-कोंबडी जातात. आणि घरातल्या मुलींच्या सोयरिकी अडू नयेत म्हणून सगळेच गप्प बसतात. या गप्प बसण्याबद्दल आम्हांला या वेळी लिहायचे आहे. कारण मुंबईतल्या एका डॉक्टरांनी अशाच घरांच्या वंशावळी मांडून एक आजार जगासमोर आणला.

ते डॉ. नोशीर वाडिया. जन्म १९२५, सुरतचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे इंग्लंडमध्ये मेंदूविकाराचा अभ्यास. १९५७ साली ते मुंबईला परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकार विभाग उभा केला. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २०१६ मध्ये ते गेले. आपल्या भागातले चाकरमानी ज्या जे. जे.च्या ओपीडीत रांग लावत आले, तिथेच हे संशोधन सुरू झाले, हे आम्हांला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१९७१ साली डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी ‘ब्रेन’ या इंग्लंडच्या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत छापली. या कुटुंबांत पिढ्यानपिढ्या तोल जाण्याचा विकार होता. तसा विकार पूर्वीही माहीत होता, पण वाडियांना या रुग्णांत एक वेगळी गोष्ट दिसली. त्यांचे डोळे हळू फिरत होते.

हे घरीही समजण्यासारखे आहे. आपण डावीकडच्या माणसाकडून उजवीकडच्या माणसाकडे नजर वळवतो तेव्हा डोळे झटकन उडी मारतात, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. या रुग्णांची नजर मात्र सरकत सरकत जाते. त्यामुळे काही जण नजर वळवण्यासाठी मानच वळवतात किंवा पापण्या मिटून उघडतात. नजरेच्या या उडीची सूत्रे मेंदूच्या देठात असतात. तोल सांभाळणारा लहान मेंदू, ज्याला शाळेच्या पुस्तकात अनुमस्तिष्क म्हणतात, तो या देठाच्या मागेच बसलेला आहे. दोन्हींकडच्या पेशी झिजत गेल्या की पाय फाकून चालणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे आणि ही संथ नजर, सगळे एकत्र येते.

गंमत पाहा. त्याच १९७१ सालच्या १ ऑक्टोबरला लंडनच्या एका रुग्णालयात जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघाला. तो करणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल मिळाले. एमआरआय तर त्यानंतर आला. त्याआधी मेंदू आक्रसला आहे का हे पाहायचे तर पाठीच्या कण्यातून हवा सोडून एक्स-रे काढत. त्याने डोके इतके दुखे की रुग्ण दिवसेंदिवस पडून राही. म्हणजे वाडियांनी हा आजार ओळखला तो समोर बोट धरून, डोळ्यांकडे बघून आणि घरातल्या माणसांची यादी करून.

जनुकशास्त्राने त्यावर शिक्का मारायला पंचवीस वर्षे गेली. १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरचा दोष सापडला. या आजाराला एससीए-२ म्हणतात. क्युबातल्या होल्गिन प्रांतात याचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत. १९९८ मध्ये वाडियांनी सहा भारतीय कुटुंबांत हाच दोष दाखवला आणि निदानात संथ नजरेला किती महत्त्व आहे ते पुन्हा मांडले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

आणखी एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७१ च्या सुमारास मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली होती. डोळे बरे झाल्यावर काही प्रौढ माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळ्यांची साथ आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध आहे, हे वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कळवले.

आता आपल्या हातातल्या कागदाकडे येऊ. तोल जातो म्हणून एमआरआय काढला की अहवालात बहुधा ‘सेरिबेलर अ‍ॅट्रॉफी’ असे शब्द येतात. अर्थ एवढाच, की लहान मेंदू आक्रसला आहे. का आक्रसला, हे फोटो सांगत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने आक्रसतो, काही औषधांनी आक्रसतो, आनुवंशिक दोषानेही आक्रसतो. शिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची कमतरता असेल तरी तोल जातो, आणि ती तर गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. फोटोत मेंदू आक्रसलेला दिसला म्हणून ‘आता काही उपाय नाही’ असे समजून घरी बसणारी माणसे आम्ही पाहतो, तेव्हा वाईट वाटते.

यातला सर्वांत चुटपुट लावणारा आजार विल्सनचा. शरीरातले तांबे बाहेर पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचते. बहुधा शाळकरी किंवा तरुण वयात हात थरथरतात, लाळ गळते, बोलणे जाते, स्वभाव बदलतो. अशा मुलालाच आपल्याकडे ‘लागीर’ ठरवून झोडपले जाते. वाडिया, डॉ. दस्तूर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये भारतातल्या सोळा कुटुंबांतला हा आजार नोंदवला. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे, रक्त-लघवीतल्या तांब्याची तपासणी आणि एमआरआय यांवरून तो ओळखता येतो, आणि औषध १९५६ पासून आहे. ते जन्मभर घ्यावे लागते, पण वेळेत सुरू झाले तर मूल शाळेत परत जाते. एका भावंडाला निघाला तर बाकीच्यांची तपासणी ती धडधाकट असतानाच करायची.

दोन्ही आजार घराण्यात चालतात, पण वेगळ्या वाटेने. एससीए-२ मध्ये आई किंवा बाप, एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो वा मुलगी. विल्सनमध्ये आई-बाप दोघांकडून दोष यावा लागतो आणि दोघेही स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रीतीत ही शक्यता वाढते. सून आल्यावर आजार आला, असे म्हणून तिला दोष देणे दोन्हीकडे सारखेच चुकीचे आहे.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना फक्त फाइल नको, घरही घेऊन जा. एका कागदावर आजोबा-आजीपासून सगळ्यांची नावे लिहा, कुणाचा तोल कितव्या वर्षी जाऊ लागला ते समोर मांडा. मुंबईला असलेल्या चुलत्यालाही विचारा. जुना एमआरआय असेल तर अहवालाबरोबर फिल्म आणि सीडी न्या. सुरुवात ओरोसच्या सरकारी रुग्णालयात करता येते. पुढे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज किंवा मुंबईचे जे. जे. आहेच. जनुकाची तपासणी आधी आजारी माणसाची करतात. एससीए-२ वर अजून औषध नाही, म्हणून निरोगी लहान मुलांची तपासणी करण्याची घाई करू नये. मोठे झाल्यावर त्यांना स्वतःला ठरवू द्यावे.

मात्र तोल अचानक, मिनिटांत गेला, सोबत उलटी, दुहेरी दिसणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर वंशावळ बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. तो लकवा असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मालवण किनाऱ्यावरून सीटी स्कॅनपर्यंत पोहोचण्यातच त्यातला वेळ जातो. पहिला सीटी स्वच्छ दिसला तरी लहान मेंदूचा लकवा नाहीच असे होत नाही. त्रास चालू असेल तर तिथेच थांबा.

ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. रोजचा तोलाचा व्यायाम, न्हाणीघरात धरायला दांडी, खळ्यात निसरडे शेवाळ न राहू देणे, गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पेज-चहा जपून देणे, आणि होडीवर एकट्याने न जाणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूचे दीर्घकालीन आजारही धरलेले आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की सवलतींसाठी अर्ज करता येतो. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधून मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तसे कुठे घडत असेल तर पोलीस ठाण्यात कळवा.