वकिलातीच्या दारात वकील हवा का?



मराठीत ‘वकील’ हा शब्द न्यायालयाच्या आधी दरबारात वावरत होता. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हे निजामाच्या दरबारी असत. धन्याच्या वतीने बोलावे आणि इकडील हकीकत नाना फडणिसांना कळवावी, हे त्यांचे काम. परराष्ट्राच्या प्रतिनिधीच्या कचेरीस आपण ‘वकिलात’ म्हणतो, ते याच अर्थाने. पण आज त्याच हैदराबादेत ज्याला वकिलातीत जायचे असते, त्याच्या वतीने बोलणारा तेथे कोणी नसतो. अमेरिकेची येथील कचेरी २००८ साली बेगमपेठेतील पैगा महालात सुरू झाली आणि २०२३ च्या मार्चमध्ये नानकरामगुडा येथील नव्या इमारतीत गेली. तेथील खिडकीपुढे अर्जदाराने स्वतः उभे राहावयाचे आणि स्वतःच उत्तरे द्यावयाची असतात.

तरीही काचीगुड्याच्या आणि सुलतान बाजारच्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो : मुलगा एम्. एस्. करण्यास अमेरिकेस निघाला आहे, तर इमिग्रेशनचा वकील करावा काय? माझे उत्तर असे की, बहुतेक विद्यार्थ्यांना त्याची गरज नाही. परंतु ज्यांना ती आहे त्यांनी एक दिवसही दवडू नये. हे दोन वर्ग ओळखायचे कसे, हाच खरा प्रश्न.

विद्यार्थ्याचे काम पाहा. विद्यापीठ ‘आय-२०’ नावाचे पत्र देते, विद्यार्थी ‘डीएस-१६०’ हा अर्ज भरतो, शुल्क भरतो आणि मुलाखतीस जातो. अमेरिकन कायद्याच्या २१४ (बी) या कलमाप्रमाणे, असा अर्जदार तेथे कायम राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर असतो. या कलमाखाली नकार मिळाला तर त्यावर अपील नाही. परिस्थिती बदलल्यावर किंवा अधिक पुरावा हाती आल्यावर नवा अर्ज करता येतो, इतकेच. जेथे अपील नाही आणि मुलाखतीत मध्यस्थास स्थान नाही, तेथे वकिलाने युक्तिवाद करावा तरी कोणापुढे? अभ्यासक्रम कोणता, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पाठ केलेले उत्तर पाठ केलेलेच वाटते, हे परीक्षकाचे काम केलेल्या कोणाही शिक्षकास ठाऊक आहे.

कागदपत्रांविषयीही उगाच भीती बाळगली जाते. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळांपाशी जन्मदाखला नाही. मुलीने अमेरिकेत बोलावलेल्या वृद्ध आईबापांपुढे ही अडचण हमखास येते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा, असा दुय्यम पुरावा देता येतो. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. तेलुगु रीतीने आडनाव आधी लिहिलेले, मराठी रीतीने वडिलांचे नाव मध्ये घातलेले आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव बदललेले, अशी एकाच व्यक्तीची तीन नावे तीन कागदांवर असतात. त्यासाठी नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. परदेशी वकिलाचे डॉलर तेथे खर्चण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली. तेथील बरेच विद्यार्थी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील होते आणि त्यांपैकी काहींच्या घोट्यास सरकारने पाळतीची यंत्रे बांधली. २०१९ च्या जानेवारीत मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण उघडकीस आले. ते तर सरकारनेच उघडलेला सापळा होता. तेथे ना अध्यापक होते, ना वर्ग. प्रारंभी धरलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते आणि विद्यार्थी जमवणाऱ्या आठ जणांवर खटले भरले गेले. आपण फसवले गेलो असे कित्येकांनी सांगितले. अशा प्रसंगी मात्र वकिलावाचून गत्यंतर नाही. तेथील इमिग्रेशन न्यायालयात वकील देण्याचा हक्क आहे, पण त्याची फी सरकार भरत नाही, ही गोष्ट आपल्या पालकांना फार उशिरा कळते.

ज्याला पूर्वी फसवणुकीच्या कारणावरून नकार मिळाला आहे, ज्याच्यावर कधी फौजदारी गुन्हा नोंदला गेला आहे, जो मुदत संपल्यावर तेथे राहिला आहे, त्याने आधी वकील गाठावा. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून परतणाऱ्यास तीन वर्षांची आणि वर्षभर किंवा अधिक केल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते. भावाने बहिणीसाठी केलेला अर्ज वर्षानुवर्षे रांगेत असतो आणि तोवर तिची मुले २१ वर्षांची होऊन जातात. २००२ च्या एका कायद्याने त्यांच्या वयातून काही काळ वजा करता येतो, पण ते गणित व त्यामागील एक वर्षाची मुदत घरी बसून सोडवण्याजोगी नाही. एच-१बी व्हिसावरील नोकरदाराचा वकील बहुधा कंपनीनेच नेमलेला असतो. नोकरी सुटली तर साधारणपणे ६० दिवसांचीच सवलत मिळते. त्या काळात कंपनीच्या वकिलावर विसंबू नये. आपले हित पाहणारा आपला वकील निराळा असावा.

आपल्या शहरात ज्यांच्या पाट्या अमीरपेठेपासून दिलसुखनगरपर्यंत दिसतात ते ‘कन्सल्टंट’ वकील नव्हेत. त्यांतील काही जण प्रामाणिक मार्गदर्शन करतात; परंतु खोटा बँक-दाखला किंवा खोटे अनुभवपत्र कोणी पुरवले, तरी अर्जाखाली सही आपली असते. जाणूनबुजून केलेल्या असत्य कथनाबद्दल अमेरिकेत आजन्म प्रवेशबंदी होऊ शकते, कॅनडात पाच वर्षांची. ‘डीएस-१६०’ मध्येच विचारलेले असते की, हा अर्ज भरण्यास तुम्हांस कोणी साहाय्य केले काय? एजंटाने अर्ज भरून ‘नाही’ असे लिहिले, तर पहिले असत्य तेथेच झाले.

वकील निवडताना तो अमेरिकेतील कोणत्या राज्याच्या सनदेवर काम करतो हे विचारावे आणि त्या राज्याच्या बार संस्थेच्या सूचीत नाव पडताळावे. फी किती, कोणत्या कामाची, नकार आल्यास काय, हे लेखी घ्यावे. व्हिसाची हमी देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. कॅनडासाठी तेथील वकील, क्वेबेकचे नोटरी किंवा २०२१ साली स्थापन झालेल्या सल्लागारांच्या कॉलेजचे परवानाधारक, अशा अधिकृत व्यक्तींनाच मोबदला घेऊन प्रतिनिधित्व करता येते.

आखाती देशांत कामास जाणाऱ्या करीमनगर-निजामाबादकडील बांधवांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना वकिलाहून अधिक गरज असते ती १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेल्या भरती एजंटाची. ती नोंद ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते.

आणि मन द्विधाच असेल, तर सबंध प्रकरण न सोपवता तासाभराचा सल्ला फी देऊन घेता येतो. त्या वेळी जुने नकारपत्र, पासपोर्टाची सर्व पाने आणि पूर्वी भरलेल्या अर्जांच्या प्रती पुढे ठेवाव्यात. एजंटाने भरलेल्या अर्जाची प्रत हाती नसेल, तर ती त्याच्याकडून आधी मागून घ्यावी.