उसाच्या नोंदी कुणाच्या यंत्रावर?

सोलापूर महामार्गावरच्या डाळजहून पुणं शंभरेक किलोमीटर. मायक्रोसॉफ्टची मोठी डेटा सेंटर तिथे 2015 पासून चालू आहेत. कंपनीच्या यादीत त्यांचं नाव 'सेंट्रल इंडिया'. पुणं मध्य भारतात कधी गेलं, ते कंपनीलाच ठाऊक! अशा ठिकाणच्या संगणकांची साठवण आणि ताकद इंटरनेटवरून लागेल तेवढी वापरायची, हा क्लाऊड. त्याचे प्रकार इमारत कुठे आहे यावरून पडत नाहीत, यंत्रं कोण कोण वापरतं यावरून पडतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2011 मध्ये केलेली चार प्रकारांची विभागणी आजही चालते.

पहिला सार्वजनिक. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा 'एआय'वरचा ऊस याच वाटेने पिकतो. शेतातल्या सेन्सरने मोजलेली मातीची ओल आणि उपग्रहाची चित्रं मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर'वर जातात, तिथे हिशेब होतो आणि पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. त्याच यंत्रांवर एखाद्या परक्या दुकानाचंही काम चालू असू शकतं, पण एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. जेवढा वापर, तेवढं बिल. हंगामी कामाला हे सोयीचं, कारण गाळपाच्या चार-पाच महिन्यांसाठी घेतलेले सर्व्हर उरलेलं वर्ष नुसते बसून राहतात.

खासगी क्लाऊड एकाच संस्थेचा. यंत्रं स्वतःच्या आवारात असोत वा दुसऱ्याच्या, वापरणारी संस्था एकच. ताबा पूर्ण, खर्चही पूर्ण. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचा 2014 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्लाऊड सरकारपुरताच आहे, पण आत खाती अनेक. त्याला खासगी म्हणावं की सामुदायिक, यावर वाद घालता येईल.

सामुदायिक प्रकार सहकारात वाढलेल्या आपल्या पट्ट्याला समजावून सांगावा लागू नये. सारखी गरज आणि सारखे नियम असलेल्या संस्था मिळून एक व्यवस्था वापरतात. 'इफ्टास' या संस्थेचा इंडियन बँकिंग कम्युनिटी क्लाऊड बँकांसाठी असाच उभा राहिला. 2022 मध्ये केंद्राने 63,000 विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यातलं क्लाऊडवरचं सामाईक सॉफ्टवेअर मला याच जातीचं वाटतं.

चौथा संकरित. समजा, एखाद्या कारखान्याने सभासदांची खाती स्वतःच्या क्लाऊडवर ठेवली आणि ऊसबिलाच्या दिवशी ॲपवर तुटून पडणारी गर्दी सार्वजनिक क्लाऊडवर वळवली. दोन्हींमध्ये माहितीची ये-जा हवी, तरच तो संकरित. कागदावर हा सर्वांत शहाणा पर्याय दिसतो. प्रत्यक्षात दोन बिलं येतात, दोन कुलपं सांभाळावी लागतात, आणि दोन्हीकडचं जाणणारा माणूस तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. लहान संस्थेने त्यात पडू नये.

प्रकार कोणताही निवडा, सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, आणि त्या बाहेर काढायला किती पैसे पडतील.