पाऊस आला की भीती का वाटते?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वस्ती ठाकरांची, वर जायला केवळ पायवाट. २७ मृतदेह सापडले, बेपत्ता ५७ जणांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. वाचलेली कुटुंबे आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली, पुढे त्यांच्यासाठी सिडकोने घरे बांधली. काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली.

घर मिळाले की माणूस सावरला, असे आपण समजतो. पण पत्र्यावर सर वाजू लागताच एखादा मुलगा वही सोडून दाराकडे पाहू लागतो आणि आपण म्हणतो, ‘लक्ष नाही.’ साधी आठवण ‘तेव्हा घडले’ अशी येते. आघाताची आठवण ‘आत्ता घडते आहे’ अशी येते. ओल्या मातीचा वाससुद्धा तिला पुरतो. पहिले काही आठवडे असे अनेकांना होते आणि बहुतेकांचे ओसरतेही. महिना उलटूनही टिकले व रोजचे जगणे अडू लागले, तर उपचार हवा.

गट-उपचार हा त्यांपैकी एक. पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाजवळच्या मिटर्नडॉर्फ येथील निर्वासितांच्या छावणीत जेकब मोरेनो काम करीत होते. कोणाला कोणाशेजारी राहावेसे वाटते हे विचारून वस्ती लावावी, असे त्यांनी सुचवले. पुढे ते गट-उपचाराचे एक जनक ठरले.

आठ-दहा माणसे, ठरलेली जागा व वेळ, तोच प्रशिक्षित मार्गदर्शक. सुरुवात दुःखाच्या कहाणीने होत नाही. झोप, श्वास, रोजची कामे यांवर बोलणे होते. ‘मीच का वाचलो?’ हा प्रश्न शेजारच्यालाही छळतो, हे कळले की मनावरचे ओझे हलते. ‘तुझी चूक नव्हती’ असे दुसऱ्याला सांगताना माणूस ते स्वतःही ऐकतो. लहान मुलांसाठी बोलण्याऐवजी चित्रे, माती, खेळ.

वाडीत मात्र एक अडचण असते. सगळे एकमेकांचे सोयरे. गटातले बोलणे गटातच राहील, ही हमी शहरातल्या अनोळखी गटाइतकी सोपी नाही. भरपाईवरून कुरबुरी असतील तर आणखीच कठीण. अशा वेळी काहींना एकट्याने भेटणेच बरे.

शिक्षकाने गट-उपचार करू नये. ते त्याचे काम नव्हे. ‘त्या रात्री काय झाले ते सांग’ असे वर्गात तर मुळीच विचारू नये. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. तिने पुढचा विकार टळत नाही, उलट काहींना अपाय होऊ शकतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागातील शाळांनी जूनमध्येच एवढे करावे: अशा मुलाला दाराजवळ बसू द्यावे, जोराचा पाऊस आला की त्याच्याजवळ उभे राहावे, रोजचे वेळापत्रक मोडू नये. झोप, जेवण, शाळा सुटू लागली तर पालकांशी बोलून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे.