खरे ऐकवणारा स्पीकर : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी निवड कशी करावी?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत आवाजाची संपत्ती मोठी आहे. दिवाळीनंतर धानाची कामे आटोपू लागली की झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडसा म्हणजेच देसाईगंज येथून निघालेल्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दंडार आहे, झाडीबोलीतील लग्नाची गाणी आहेत, भामरागड-एटापल्लीकडे माडियांची रेला गीते आणि ढोल आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. यांतील कितीतरी गाणी आणि कथा केवळ वृद्धांच्या तोंडी आहेत. एखादी आजी गेली की तिच्याबरोबर तिची गाणीही जातात.

ही गाणी टिपून ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले, तेव्हा ते सरकारनेच करावे असे काम होते. आज एक बरा मायक्रोफोन, एक छोटा ध्वनिमुद्रक आणि संगणक यांच्या बळावर शाळेतील शिक्षकही ते करू शकतात. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. मुद्रित केलेला आवाज तपासायचा, नको असलेली घरघर काढायची, ढोल आणि गळा यांचा मेळ बसवायचा, तर हे सारे कोणत्या स्पीकरवर ऐकून? ध्वनिमुद्रणगृहात यासाठी ‘मॉनिटर’ नावाचे स्पीकर वापरतात. ते साध्या स्पीकरपेक्षा वेगळे का, आणि घरातल्या खोलीसाठी ते कसे निवडावेत, हे या लेखात पाहू.

स्पीकरची चूक उलटी होऊन मुद्रणात येते

गावच्या कार्यक्रमातील भोंगा घ्या. थोड्या विजेत आवाज दूरवर पोचवणे हे त्याचे काम. त्यासाठी तो मधल्या पट्टीतील आवाज जोराने फेकतो, पण ढोलाचा घुमारा त्यातून जवळजवळ गळून पडतो. घरातल्या म्युझिक सिस्टिमचे काम कानाला सुखावणे. म्हणून तिच्यात बेस आणि वरची पट्टी मुद्दाम थोडी वाढवलेली असते. दोन्ही आपापल्या जागी योग्यच आहेत. मॉनिटरचे काम मात्र तिसरेच आहे. मुद्रणात जे आहे ते, न वाढवता न घटवता, ऐकवणे.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तुमचा स्पीकर बेस वाढवून ऐकवतो. ढोल फार घुमतो आहे असे वाटून तुम्ही मुद्रणातील बेस कमी कराल. ते मुद्रण दुसऱ्या कोणी दुसऱ्या यंत्रावर ऐकले की ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल. स्पीकर ज्या बाजूला चुकतो त्याच्या उलट बाजूला आपण मुद्रण बिघडवतो. म्हणून पहिला नियम स्पीकर घेण्याच्याही आधीचा आहे : मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे आणि साऱ्या सुधारणा त्याच्या प्रतीवर कराव्यात. चुकीच्या स्पीकरवर घेतलेला निर्णय मग पुढे कधीही मागे घेता येतो.

बोलीभाषेच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. प्रमाण मराठीतले ‘पाणी’ झाडीबोलीत ‘पानी’ होते. ण आणि न हे दोन्ही अनुनासिक. जीभ कोठे टेकते एवढाच फरक, आणि तो कानाला कळतो तो मुख्यतः २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्म बदलांवरून. ‘चाक’मधल्या च चे घर्षण ‘चहा’मधल्या च पेक्षा अधिक वरच्या कंपनसंख्यांत असते. आता गंमत अशी, की बहुतेक छोट्या मॉनिटरमध्ये खालचे आवाज वूफर देतो आणि वरचे ट्विटर, आणि दोघांची कामाची वाटणी होते तीही साधारणपणे १५०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान. हा सांधा नीट जुळलेला नसेल तर नेमका तेथेच आवाजात खड्डा पडतो आणि ण की न, हे ठरवणे कठीण होते.

आकडे कसे वाचावेत?

माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. स्पीकरच्या खोक्यावर ‘५० ते २०,००० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. पण हा आकडा एकटा निरर्थक आहे. या पट्ट्यात आवाजाची पातळी किती वरखाली होते, हे सोबत दिले पाहिजे. ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिलेले असेल तर त्याला काही अर्थ आहे. तीन डेसिबल म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक. कंपनसंख्या आणि पातळी यांचा आलेख दिला असेल तर फारच चांगले. तो शक्य तितका सपाट हवा. स्वस्त सिस्टिमवर छापलेल्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॉटकडे दुर्लक्ष करावे. त्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही.

वूफर किती मोठा घ्यावा? त्याच पातळीचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणून पाच इंची पडदा ४० हर्ट्झला दमतो. आठ इंची पडद्याला ते सोपे जाते. पण मोठा वूफर लहान खोलीत नवीच अडचण उभी करतो. ती आता पाहू.

खोलीही वाजते

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी पुढेमागे आदळून स्थिर तरंग तयार होतात. भिंतींमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे झाले की ती कंपनसंख्या घुमू लागते. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे ३.०५ मीटर. २५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला तर ३४६ भागिले ६.१ म्हणजे जवळजवळ ५७ हर्ट्झ. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर वेग ३५९ मीटरच्या घरात जातो आणि तीच खोली सुमारे ५९ हर्ट्झला घुमते. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांचे तरंग एकाच सुरावर येतात. अशी चौकोनी खोली ऐकण्याच्या कामाला सर्वांत वाईट. शक्य असेल तर लांबट खोली निवडावी.

सिमेंटच्या पक्क्या भिंती खालचे आवाज जवळजवळ पूर्ण परत फेकतात. बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत हलकी असल्याने थोडी हलते, काही बेस शोषते, काही बाहेर जाऊ देते. त्यामुळे खोली कमी घुमते. मात्र बाहेरचे आवाजही तितक्याच सहज आत येतात. टिनाच्या छपराखाली तर पावसाळ्यात काम थांबवावेच लागेल.

भिंतीवर गोधड्या टांगल्या तर? ५००० हर्ट्झची तरंगलांबी ७ सेंटिमीटर आहे, तेथे गोधडी चांगले काम करते. १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटर आहे, आणि तिला गोधडीची जाडी जाणवतही नाही. म्हणून सगळ्या भिंती गोधड्यांनी झाकल्या की वरचे आवाज मरतात, बेस मात्र घुमतच राहतो. अंड्यांचे ट्रे तर याहूनही कुचकामी. कोपऱ्यात दाट रचलेले कापसाचे किंवा जुन्या कपड्यांचे जाड गठ्ठे अधिक उपयोगी पडतात. तरीही सर्वांत स्वस्त उपाय हाच, की लहान खोलीत पाच इंची वूफरचा स्पीकर घ्यावा आणि खोलीला न पेलणारा बेस तिच्यात सोडूच नये.

हा विचार नवा नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या मोटारीत ठेवण्यासाठी एलएस ३/५ए हा अगदी लहान मॉनिटर तयार केला. मोटारीत मोठ्या स्पीकरला जागाच नव्हती. बेस थोडा सोडून दिला, पण माणसाचा आवाज सच्चा राहील याची काळजी घेतली. आपली गरजही बरीचशी तीच आहे.

कोठे ठेवावे, कोठे बसावे?

दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण करावा. बाजू सुमारे एक मीटर, ट्विटर कानाच्या उंचीवर. स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा तेवढा उतरत नाही. म्हणून जवळ बसले की स्पीकर अधिक ऐकू येतो आणि खोली कमी.

स्पीकरच्या मागची भिंतही लक्षात घ्यावी. स्पीकर भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर मागे जाऊन परतणाऱ्या ध्वनीला १.२ मीटर जास्त चालावे लागते. ही अर्धी तरंगलांबी ठरते सुमारे १४४ हर्ट्झला. तेथे दोन्ही तरंग एकमेकांना मारतात, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया नेमका त्याच भागात असतो. स्पीकर भिंतीजवळ, १५ सेंटिमीटरवर आणला की हा खड्डा ५७७ हर्ट्झकडे सरकतो. तेथे स्पीकरचा आवाज बराचसा पुढेच जात असल्याने नुकसान कमी होते. मात्र भिंतीजवळ बेस वाढतो. तो उतरवण्यासाठी बऱ्याच मॉनिटरच्या पाठीवर बटण असते. असे बटण आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

आजचे बहुतेक छोटे मॉनिटर ‘ॲक्टिव्ह’ असतात. त्यांच्या पोटातच वर्धक असतो, बहुधा वूफरला वेगळा आणि ट्विटरला वेगळा. त्यामुळे वर्धक आणि स्पीकर यांची जोडी जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र प्रत्येकाला वीज लागते. जेथे विजेचा दाब कमी-जास्त होतो तेथे पाठीवरील पट्टीवर किती व्होल्टची मर्यादा लिहिली आहे ते वाचून घ्यावे. साधा इन्व्हर्टर वापरल्यास स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते.

दुकानात करावयाच्या चाचण्या

पहिली चाचणी ओळखीच्या आवाजाची. आपल्या रोजच्या सहवासातील माणसाचे साधे बोलणे मुद्रित करून न्यावे आणि शक्य असेल तर त्या माणसालाही बरोबर न्यावे. चमकदार सिनेसंगीतापेक्षा ही कसोटी कडक असते. सोबत तबल्याचे मुद्रण असावे. तबल्याच्या शाईमुळे त्यात सुरेल उपस्वर कसे निर्माण होतात, हे रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवले होते. चांगल्या स्पीकरवर दायाँचा सूर आणि डग्ग्याची मींड दोन्ही वेगळ्या ओळखू येतात.

दुसरी चाचणी मध्याची. दोन्ही स्पीकरना एकच आवाज द्यावा. तो दोघांच्या बरोबर मधून, एका बिंदूतून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरला किंवा सरकला, तर जोडी सारखी नाही.

तिसरी काळजी पातळीची. दोन स्पीकरची तुलना करताना जो किंचित मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. पातळी समान करूनच ऐकावे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला बेस कमी जाणवतो. म्हणून घरीही नेहमी एकाच, बोलण्याएवढ्या पातळीवर काम करावे. कानही सुरक्षित राहतात.

पैसे थोडे असतील तर? आधी कान पूर्ण झाकणारा एक चांगला हेडफोन घ्यावा. त्यात खोलीचा दोष येत नाही आणि बारीक खरखर लगेच सापडते. पण आवाज डोक्याच्या आतच आल्यासारखा वाटतो आणि ढोलाचा अंगाला जाणवणारा ठोका कळत नाही. ढोल आणि गळा यांचा मेळ बसवण्यासाठी पुढे स्पीकर लागतोच. आणि स्पीकर कितीही चांगला असला तरी मायक्रोफोन चुकीच्या जागी ठेवून घेतलेले मुद्रण तो सुधारू शकत नाही. फार तर ते चुकले आहे एवढे प्रामाणिकपणे सांगतो.

वर्गासाठी प्रयोग

लहान खोलीची लांबी मोजा. ध्वनीच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागून घुमणारी कंपनसंख्या काढा. खालचे आवाज देऊ शकणारा स्पीकर कोपऱ्यात ठेवून संगणकावरून तो एकच सूर वाजवा. विद्यार्थ्यांना एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालायला सांगा. भिंतीजवळ आवाज मोठा आणि मध्यावर अगदी लहान होईल. सूर थोडा वरखाली करून सर्वांत जास्त घुमणारी कंपनसंख्या शोधली, तर उलट गणित करून ध्वनीचा वेगही काढता येईल. हाच प्रयोग जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्यात केला, तर आलेल्या दोन आकड्यांतील फरक विद्यार्थ्यांनीच समजावून सांगावा.