पाकिटावरचा ‘टी’ काय सांगतो?

आपल्या घरांत जुनी पत्रे अजून असतील. पत्र जपून ठेवतो आणि पाकीट फेकतो, किंवा मुलांना तिकिटे कापून देतो. तसं करू नका. का ते सांगतो.

काही पाकिटांवर गोलात किंवा नुसताच ‘टी’चा शिक्का असतो. ते कोणाच्या नावाचे अक्षर नव्हे. आंतरराष्ट्रीय टपालाची भाषा फ्रेंच, आणि ‘टी’ म्हणजे तिथला ‘टॅक्स’: तिकीट कमी लावले आहे, घेणाऱ्याकडून पैसे घ्यावेत. आपले लोक अशा पत्राला ‘नॉटपेड’ म्हणत.

शिक्क्याजवळ एक आकडा असतो, पुष्कळदा रंगीत पेन्सिलीने लिहिलेला. 1950 च्या दशकात तो कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट असे. तो नये पैसे किंवा प्रुता नसून ‘सेंटीम’मध्ये, म्हणजे टपालाच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सोन्याच्या फ्रँकच्या शंभराव्या भागात असे. पत्र पोहोचल्यावर इथले टपालखाते त्याचे आपल्या नाण्यात रूपांतर करी.

पुढे 1960 च्या दशकात अपूर्णांक आला. समजा, ‘टी 30/60’ लिहिले आहे. खालचा 60 म्हणजे पाठवणाऱ्या देशातला परदेशी पत्राचा दर, वरचा 30 म्हणजे वसुलीची रक्कम. इथला दर 50 अगोरा असेल, तर त्याचे अर्धे, 25 अगोरा घ्यायचे.

पैसे घेतल्याची खूण म्हणून इस्रायलमध्ये वेगळी तिकिटे लावत. पहिली 1948 ची, ‘दमेई दोआर’ छापलेली. 1952 पासून धावत्या हरणाची. भारताच्या टपालखात्याने अशी वेगळी तिकिटे काढली नाहीत. तिथे शिक्का मारून रक्कम लिहीत.

आता माझ्या घरची गोष्ट. रेवदंड्याच्या आत्याने 1958 साली पप्पांना बीरशेबाच्या मआबारात पत्र पाठवलं. तिकीट लावलं देशातल्या पत्राइतकंच. पत्र परत गेलं, आणि नियमाप्रमाणे राहिलेले पैसे तिलाच भरावे लागले. “भावाला माझं पत्र सोडवायला चार पैसे जड झाले,” असं ती म्हणाली, आणि नंतर तिने कधी लिहिलं नाही. पप्पांना कारण कळलंच नाही.

गेल्या वर्षी आतेबहिणीने ते पाकीट आणून दिलं. ‘टी’ होता, आकडा होता. पण मागे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अशा चिठ्ठीवर फ्रेंचमध्ये कारणे छापलेली असतात: ‘रेफ्युझे’ म्हणजे घेण्यास नकार, ‘अँकोन्यू’ म्हणजे माणूस माहीत नाही, ‘नों रेक्लामे’ म्हणजे कोणी न्यायला आले नाही, आणि ‘पार्ती’ म्हणजे जागा सोडून गेला. खूण ‘पार्ती’समोर होती. पप्पा तेव्हा डिमोनाला राहायला गेले होते. त्यांनी ते पत्र नाकारलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

आत्या आणि पप्पा दोघेही आता नाहीत. आतेबहीण आणि मी ते पाकीट मध्ये ठेवून बराच वेळ बसलो.

म्हणून तुमची पाकिटे पुढून पाहा, मागूनही पाहा. तिकीट किती लावलं, ‘टी’ आहे का, आकडा कोणता, वसुलीचे तिकीट लागले का, मागे चिठ्ठी काय म्हणते, या क्रमाने वाचा. आणि तिकिटे कापू नका.