दुखणेकऱ्याच्या उशाशी कोण बसणार?

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे डहाणू लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. ती 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतल्या कितीतरी घरांची मजुरी आणि औषधपाणी याच रुळांवर किंवा वापी-उंबरगावच्या रस्त्यावर चालते.

घरात कोणी अंथरुणाला खिळले की कमावते दोन हात कमी होतात. टाळेबंदीत उरलेल्यांचीही मजुरी गेली. लकवा झालेल्या सासऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पेज भरवायची, कपडे धुवायचे, त्यासाठी हंड्याने पाणी आणायचे. हे सारे बहुधा सुनेवर किंवा लेकीवर येते. एका खोलीच्या कुडाच्या घरात तिलाच ताप आला तर ती वेगळी राहणार कुठे? गृहविलगीकरणाचा सल्ला स्वतंत्र खोली आणि संडास गृहीत धरत होता. तो या पाड्यांसाठी नव्हताच.

पक्षाघात, क्षय, कर्करोग अशा आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या 65 वर्षांखालील निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मदत मिळते; अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. शुश्रूषा करणारीच्या बुडालेल्या मजुरीसाठी मात्र त्यात काही नाही. शेजारी असे घर असेल तर अर्ज भरायला मदत करा, आणि अधूनमधून तिच्या जागी तुम्ही बसा.